एक भरती सोडून

खल्फानला वाट पाहता येत नाही, हे अख्ख्या सूर गावाला माहीत होतं. भट्टीतून रोटी निघेपर्यंत दुकानदाराच्या जिवाला घोर लावणारा आणि लग्नात जेवणाची परात यायच्या आत ‘काय रे, बोकड अजून चरतोय का?’ म्हणून सतरांदा विचारणारा माणूस. आणि हाच माणूस गॅसच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कम्प्युटरसमोर बसायचा, पडद्याकडे बघायचा, ‘आज वारा नाही,’ म्हणायचा आणि हसत हसत उठून चहा टाकायचा.

स्वतः चहा टाकायचा. तोही हसत! झुवैनाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

झुवैनाने जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं होतं. परीक्षेच्या वर्गात ती नुसती शिरली तरी पोरी बाहीतल्या चिठ्ठ्या आपणहून काढून टेबलावर ठेवायच्या. असल्या बाईपुढे नवऱ्याने कारण नसताना हसावं म्हणजे काय!

“अबू हैथम, एवढं काय असतं हो त्यात?” तिने हैथमच्या बापाला एकदा विचारलं.

“खेळ आहे. जुन्या काळातल्या गलबतांचा. इथून खजूर भरायचा, तिकडे नेऊन विकायचा.”

“मग विका की. बसलात कशाला?”

“गलबत पोहोचू तर दे. वारा पडलाय.”

“खेळात वारा पडतो?”

“ह्या खेळात पडतो. गलबत दिवसच्या दिवस जागचं हलत नाही.”

“मग तुम्ही काय करता?”

“काही नाही. थांबतो,” खल्फान म्हणाला, आणि त्याने तिला चहा दिला. वेलची घातलेला.

ज्या खेळात काही करायचंच नसतं तो खेळ कोण कशाला खेळेल? पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसऱ्या गावच्या बाईने हे हसण्यावारी नेलं असतं. पण झुवैना नाखुदाची, गलबताच्या कप्तानाची मुलगी. ‘थांबलो होतो, वारा नव्हता’ ह्या वाक्याची किंमत तिच्या घराने मोजलेली होती. तिचे वडील नाखुदा सुलैयम. दर हिवाळ्यात ईशान्येचा अझ्यब सुटला की खजूर भरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचे आणि वारा उलटला की परत यायचे. मधले महिने तिथल्या लामू बंदरात थांबायचे. का? तर वारा नव्हता. आईने आयुष्यभर ते ऐकलं आणि मानलं.

मानणारच. कारण नाखुदा सुलैयमने बायकोला जे दिलं ते सूरमधल्या कुठल्याच नाखुदाने दिलेलं नव्हतं. सूरच्या खाडीचं तोंड उथळ. भरतीशिवाय गलबत आत येत नाही. पण शीड दिसलं आणि नेमकी भरती असली की बाकीचे नवरे थेट दारात हजर. बायकोचे हात मासळीचे, केस पिंजारलेले, घरात लोबानाची धुरी नाही. नाखुदा सुलैयम मात्र चांगली भरती असली तरी खाडीबाहेर नांगर टाकायचे, ती एक भरती सोडून द्यायचे आणि पुढच्या भरतीला आत यायचे. ‘बाईला केस विंचरायला वेळ द्यावा,’ असं म्हणायचे. खलाशी आतून चरफडायचे, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. आई हे वाक्य शेजारणींत असं मिरवायची, की त्यापुढे त्यांच्या सोन्याच्या बांगड्या फिक्या पडाव्यात.

वडील वारले तेव्हा शोकाच्या बैठकीत लामूहून एक बाई आली. ताठ मानेची, गडद सावळी. सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. “मी त्यांची बायको,” एवढंच ती म्हणाली, आणि सगळ्या बैठकीच्या हातातले पंखे थांबले. झुवैना तेव्हा नवी नवरी होती. हातावरची मेंदी अजून उतरलेली नव्हती आणि त्याच हातात कहव्याची दल्ला होती, कॉफीची किटली. सूरमध्ये दारात वैरी आला तरी त्याच्या हातात कहव्याचं छोटं फिनजान द्यायचं, ते भरायचं, आणि त्याने ‘पुरे’ म्हणून हलवून परत देईपर्यंत भरत राहायचं. झुवैनाने आईकडे बघितलं. आईने नाही म्हणून मान अगदी जराशी हलवली. झुवैना त्या दोघींना ओलांडून गेली आणि तिने पलीकडच्या बाईचं फिनजान भरलं.

त्या थोडा वेळ बसल्या आणि रिकाम्या हातांनी उठून गेल्या. त्यांची नावंही कुणी विचारली नाहीत. आईने पुढे कधी केसांना तेल लावलं नाही. खल्फान कोवळ्या वयात वडिलांच्या गलबतावर एक-दोन मोसम खलाशी होता, म्हणून झुवैनाने त्याला त्याच आठवड्यात खोदून विचारलं होतं, “तुम्हाला ठाऊक होतं?” तो म्हणाला होता, “मी पोरगा होतो गं. मला काय कळतंय?” तिने ते मानलं होतं. पण मनात एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. आईचं झालं ते आपलं होऊ द्यायचं नाही. कुणी बाई येऊन आपल्या बैठकीत ‘मी त्यांची बायको’ म्हणणार नाही. झुवैना आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बसली होती ती एवढ्यासाठीच.

आणि आता म्हातारपणी हे वाऱ्याचं नवं खूळ!

एका संध्याकाळी खल्फान मशिदीत गेला आणि कम्प्युटर उघडा राहिला. झुवैना हात पुसत पुढे झाली. पडद्यावर संथ पाणी, खारफुटीची झाडं, एक बंदर. खल्फानचं गलबत तिथे नांगरून डुलत होतं. तिने बंदराचं नाव वाचलं. लामू.

शेजारी आणखी एक गलबत होतं. त्याच्या मालकाचं नाव वर लिहिलेलं होतं, म्वानाइशा. आणि खाली खल्फानने तिला लिहिलेले शेवटचे शब्द होते, ‘उद्या बोलू. घाई कसली?’

घाई कसली! ज्या माणसाने पोटच्या पोराच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या दारावर लाथा घातल्या होत्या, तो म्हणत होता घाई कसली!

शेजारची नसरा भिंतीपलीकडे मासळी साफ करत होती. झुवैनाने सगळं सांगितलं. नसराने सुरी खाली ठेवली.

“लामू? बाई गं! जिथे बाप गेला तिथेच नवरा?”

“खेळ आहे म्हणे.”

“खेळच असतो तो! पुरुषांचं सगळं खेळानेच सुरू होतं. मोबाईल तपासलास?”

“तपासला. कांद्याचे भाव आणि नातवाचे फोटो आहेत.”

“म्हणजे पुसून ठेवतोय,” नसरा म्हणाली. “साधा माणूस एवढा स्वच्छ नसतो.”

झुवैनालाही ते पटलं. पटल्यावर तिने सुनेने दिलेला टॅब्लेट कपाटातून काढला, तोच खेळ त्यावर घेतला आणि नाव लिहिलं, नाखुदा दरवीश. त्या खेळात बोलणं फक्त शेजारी शेजारी नांगरलेल्या गलबतांचं होई, आवाज पोहोचेल एवढ्या अंतरावरून. म्हणजे ह्या म्वानाइशाचं बोलणं ऐकायचं तर लामूला जायलाच हवं. ठीक आहे. गलबत घेऊ, लामूला जाऊ, चोर पकडू आणि खेळ पुसून टाकू. आठवड्याभराचं काम.

कसला आठवडा! पहिल्याच फेरीला तिने गलबत गळ्यापर्यंत खजुराने भरलं, नकाशावर लामूवर बोट ठेवलं आणि निघाली. रास अल-हद्दच्या टोकाशी वारा पडला. गलबत हलेना. सकाळी बघावं तर तिथेच, दुपारी बघावं तर तिथेच. स्वयंपाकघरात उभी राहून ती टॅब्लेटवर ओरडली, “अरे चल की मेल्या!” मग कळलं की खलाशी तहानेने आजारी पडलेत. पाणी भरायला ती विसरली होती. उभ्या गावाच्या पोरींना अक्कल शिकवलेली, नाखुदाच्या पोटी जन्मलेली बाई, आणि गलबतावर पाण्याचं एक पिंप नाही! गलबत मान खाली घालून सूरला परत आलं. झुवैनाला एवढी लाज वाटली की त्या दिवशी ती नसराच्या भिंतीकडे फिरकलीच नाही.

दुसऱ्या फेरीला तिने आधी पाणी भरलं. मग सुक्या मासळीचं खाणं. मग उरलेल्या जागेत खजूर आणि मीठ. अझ्यब धरून हळूहळू मुकल्ल्याला गेली. वाटेत काही करण्यासारखं नव्हतंच. पाण्याचा रंग बदलायचा, कधी पक्षी दिसायचे, रात्रीचे तारे सरकायचे. वडील अंगणात पडल्या पडल्या ताऱ्यांची नावं सांगायचे ती तिला आठवायला लागली. एकेक तारा ओळखीचा निघाला. मुकल्ल्याला खजूर बऱ्या भावात गेला आणि त्या पैशांत तिने कहव्याची पोती घेतली. चांगला येमेनी कहवा.

हळूहळू भलतंच व्हायला लागलं. फजरच्या, पहाटेच्या नमाजानंतर चूल पेटवायच्या आधी तिचा हात टॅब्लेटकडे जाऊ लागला. गलबत कुठवर आलं ते बघायचं आणि ठेवून द्यायचं. एवढंच. पण मग पीठ मळताना, झाडांना पाणी घालताना, तिकडे आपलं गलबत चाललंय हे मनात असायचं. कुणी ढकलत नाही, आपण ओरडून उपयोग नाही, तरी चाललंय. ह्या विचाराने कणकेतला हातही संथ व्हायचा. तिला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय हे कळल्याबरोबर ती स्वतःवरच खेकसली. हेच ते! ह्यांनाही असंच लागलं असणार. आधी वारा, मग बाई.

प्रत्येक बंदर आलं की ती बाहेर नांगर टाकायची, एक भरती सोडायची आणि पुढच्या भरतीला आत शिरायची. बाकीची गलबतं धडाधड आत घुसायची. झुवैना नाक मुरडायची, उतावळे मेले! आधी शिरलेल्याला भाव जास्त मिळतो हे तिला दिसत होतं. बाहेर थांबा असं खेळ कुठेच सांगत नव्हता. पण न थांबता बंदरात शिरणं तिला बूट घालून बैठकीत शिरण्यासारखं वाटायचं, त्यामुळे त्यावर कधी विचारच केला नाही.

“नवऱ्यावर पाळत ठेवायला गेलीस आणि कहवा विकत बसलीस?” नसरा भिंतीवरून ओरडली.

“विकला कुठे? पुढे भाव चढणार आहे.”

“अगं, तुझा नवरा हातचा चाललाय!”

“कुठे जातोय! वारा उलटेपर्यंत लामूतून हलत नाही तो,” झुवैना म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने जीभ चावली. आईसुद्धा शेजारणींना हेच सांगायची.

त्या दिवसापासून संशय पुन्हा ताजा झाला. आणि त्याला खायलाही भरपूर मिळू लागलं. जेवताना खल्फान मध्येच म्हणाला, “मोगादिशूला म्हणे तिळाच्या तेलाला मागणी आहे,” आणि तिच्याकडे बघून पुन्हा ताटात बघू लागला. झुवैनाचं गलबत त्याच दिवशी मोगादिशूला लागत होतं. हे हा का बोलला? उगीच बोलला? हा माणूस उगीच कधी बोलतो?

पुढच्याच आठवड्यात कपाटातल्या खणात ती दुसरंच काही शोधत होती आणि बघते तर पासपोर्ट नाही. खल्फानचा नाही. तिचाही नाही.

“माझा कशाला नेला?” तिने नसराला विचारलं.

नसराला विचारही करावा लागला नाही. “तू मागे जाऊ नयेस म्हणून!”

झुवैना घरी येऊन बाजेवर बसली. रडू येत नव्हतं, राग येत होता. आणि रागाखाली भीती होती, साधी भीती. आपल्याला आता ह्या वयात शेजारणींकडे बघून हसावं लागणार. वारा नव्हता, म्हणावं लागणार.

एका सकाळी कणीक मळता मळता टॅब्लेटवर लामूचा किनारा दिसला. हिरवी खारफुटी, पांढरी गच्चीची घरं. खल्फानचं गलबत आत बंदरात दिसत होतं. भरती चढत होती. सरळ आत शिरून त्याच्या शेजारी नांगर टाकायचा, हेच तर तिने ठरवलं होतं. पण बोटाने सवयीने बाहेरच नांगर टाकला. असू दे, तिने स्वतःला समजावलं, आधी बाहेरून नजर ठेवू.

तेवढ्यात दक्षिणेकडून एक गलबत आलं. वर नाव, म्वानाइशा. आता ही आत जाईल, त्याच्याजवळ. पण ते गलबत आत गेलं नाही. बंदराचं तोंड उघडं, भरती चांगली, आणि त्या गलबताने दरवीशच्या अगदी शेजारी येऊन नांगर टाकला.

थोड्या वेळाने अक्षरं उमटली. ‘सलाम, नाखुदा. भरती आहे. आत का जात नाही?’

मास्तरणीने मास्तरणीसारखंच उत्तर दिलं. ‘तू का जात नाहीस?’

‘आमच्यात एक भरती सोडायची पद्धत आहे. माझ्या बापाची. म्हणायचे, बाईला केस विंचरायला वेळ द्यावा.’

झुवैनाने टॅब्लेट कणकेच्या परातीतच पालथा ठेवला. ते वाक्य आईचं होतं. आईचा तो दागिना होता. आणि कुणीतरी परकी बाई तो अंगावर घालून उघडपणे समुद्रात उभी होती.

खल्फान ओसरीवर मांजरांना माशांची डोकी घालत होता. ती पिठाच्या हातांनी तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“ही म्वानाइशा कोण?”

खल्फानने मान वर केली. “पोहोचलीस? मला वाटलं उद्या लागशील. वारा बरा मिळाला म्हणायचा.”

“तुम्हाला... ठाऊक होतं?”

“दरवीश म्हणे! अगं, लामूला येणारे नाखुदे सगळं सांगतात. सूरहून निघालेला आणि प्रत्येक बंदराबाहेर एक भरती वाया घालवणारा माणूस कोण असेल? असं करणारी साऱ्या समुद्रात दोनच गलबतं आहेत. एक तिचं. आणि दुसरं आलं तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघरातून ‘चल की मेल्या’ ऐकू येतंय.”

“सगळेच थांबतात.”

“कुणीही थांबत नाही. मी तुझ्या बापाच्या हाताखाली होतो, मीही थांबत नाही. त्यांच्या लेकीच थांबतात.”

एक मांजर झुवैनाच्या पायांत घुटमळलं. ती ओसरीच्या पायरीवर खाली बसली.

“म्हणजे ती तीच. त्या दिवशीची मुलगी.”

“तीच. लामूला शिवणकामाचं दुकान आहे तिचं. नातवंडं आहेत. खेळात तिला तशी बाहेर थांबलेली पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. पुढे होऊन विचारलं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला! त्या आठवड्यात! तुम्ही म्हणालात, मला काय कळतंय.”

“खोटं बोललो.”

“का?”

खल्फानने हातातलं माशाचं डोकं ठेवून दिलं. “नाखुदाच्या घरचं खलाशी बोलत नसतो. आणि खरं सांगू? तू दल्ला घेऊन त्या दोघींना ओलांडून गेलीस हे कळलं, तेव्हा मला तुझी भीती वाटली. अजून वाटते.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने ह्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिला जे आतून जाळत होतं ते निराळंच होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिला उठता येईना.

“लामूच्या बाहेरही थांबायचे?”

“थांबायचे.”

“एक भरती?”

“एक भरती. हेच म्हणायचे, केस विंचरायचं.”

“खोटारडा!” झुवैना म्हणाली, आणि ती नवऱ्याला म्हणाली की बापाला हे तिचं तिलाही कळलं नाही. “बाईसाठी नव्हतेच ते थांबत. तिथला नवरा उतरवून इथला चढवायला त्यांना वेळ लागत असेल!”

“तसंही असेल. त्यांच्या मनात मी काही शिरलो नव्हतो. पण लामूची बाई गच्चीवर उभी राहून शीड बघायची, ते मी पाहिलंय. आणि आम्ही आत गेलो की तिचे केस विंचरलेले असायचे.”

झुवैनाला ती गच्ची दिसली. तिला स्वतःच्या आईचा फणी घेतलेला हातही दिसला, आणि दोन्ही एकमेकांपासून काही केल्या वेगळे करता येईनात.

“पासपोर्ट कुठे आहेत?” तिने विचारलं.

“नवे करायला दिलेत. दोन्ही.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं.”

“म्हणून नाही विचारलं.”

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, परीक्षेच्या वर्गात बघायची तसं. “अजून काय लपवलंय?”

“मोगादिशूला तेलाचा भाव मीच पाडला,” खल्फान म्हणाला. “तुला स्वस्तात मिळावं म्हणून तिथल्या माझ्या वखारीतलं सगळं तेल आधीच विकून टाकलं होतं.”

ह्या माणसावर विश्वास ठेवणं अवघड होतं. तिने ओढणीला पीठ पुसलं आणि आत गेली.

टॅब्लेटच्या काचेला कणीक लागली होती. ती तिने बोटाने काढली. भरती पुरी चढली होती. दोन्ही गलबतं अजून बाहेरच शेजारी शेजारी डुलत होती. नवीन अक्षरं आलेली होती. ‘दरवीश? आहेस की झोपलास? ही भरती गेली की पुढच्या भरतीला बरोबरच आत जाऊ.’

झुवैनाच्या गलबताच्या कोठारात मुकल्ल्याचा कहवा तसाच होता, भाव चढायची वाट बघत ठेवलेला. तिने एक पोतं निवडलं आणि ते शेजारच्या गलबताकडे पाठवलं. खेळाने विचारलं, किंमत? तिने ती जागा रिकामी सोडली. मग लिहायला बसली. जन्मभर मुलींच्या निबंधांत लाल रेघा ओढणाऱ्या बाईला दोन ओळी लिहायला एवढा वेळ लागला, की बाहेर दुपारच्या नमाजाची बांग झाली.

‘मी नाखुदा सुलैयमची मुलगी, झुवैना. त्या दिवशी दल्ला माझ्या हातात होती.’

शेजारचं गलबत डुलत राहिलं. काहीच उमटलं नाही. आता ही शीड उभारणार, झुवैनाच्या मनात आलं, आणि मला ओलांडून आत जाणार. जावंच तिने. मी तिच्या जागी असते तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. हे सगळं कळत असूनही तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि कशासाठी लागला होता हे लपवायचा तिला आता कंटाळा आला होता. तिला ती जायला नको होती.

अक्षरं उमटली ती सावकाश, एकेक करून.

‘तुझ्या हातांवर मेंदी होती. इतकी सुंदर होती की मी आईला सांगितलं, मलाही अशी काढ.’

मग पुन्हा.

‘कहवा मिळाला. फिनजान मी अजून हलवलेलं नाही.’

“अगं, भरती उतरायला लागली!” खल्फान बाहेरून ओरडला. चोरून आपल्या पडद्यावर बघत बसला होता, दुसरं काय!

“उतरू द्या,” झुवैना म्हणाली, आणि तिने कोठारातलं दुसरं पोतं निवडलं.